जिभेवरचा रखवालदार

माझ्यापुढे कुणी तोंड मिटलं आणि ते मिटलेलंच राहिलं, असं सदतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही झालं नाही. आरोग्य उपकेंद्रात मी नर्सबाई होते. पोलिओचे थेंब, जंताच्या गोळ्या, साथीतलं कडूजहर सिरप, सगळं मी पोरांच्या पोटात पोचवलेलं आहे. नाक दाबलं की तोंड उघडतं ही इतरांसाठी म्हण असेल, माझं ते रोजचं काम होतं. हट्टी पोराला आया दम द्यायच्या, "थांब, शेडगे सिस्टरलाच बोलावते." पोर तिथल्या तिथे आ करायचं.

निवृत्तीनंतर मला हरवलं ते साडेतीन किलोच्या एका भुऱ्या मांजरीने.

ठमा चौदा वर्षांची. दोन हजार बेचाळीसच्या दिवाळीत तिची गळ्यातली ग्रंथी बिघडली. राक्षसासारखं खायची आणि तरी पाठीचे मणके मोजता यायचे. हात ठेवला तर छाती शिवणयंत्रासारखी धडधडायची. रोज एक गोळी, जन्मभर, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी म्हटलं, एवढंच ना?

गोळी बोंबलात लपवली, तर बोंबील खाऊन गोळी धुऊनपुसून ताटलीत ठेवली. पनीरमध्ये लपवली, तर पनीरच सोडलं. मग मी माझ्या पद्धतीवर आले, जबडा धरून गोळी घशात टाकली. तिने गिळल्याचं नाटक केलं, शांतपणे फडताळामागे गेली आणि थुंकून आली. झाडू मारताना मला तिथे अकरा गोळ्या सापडल्या. आमचे हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "म्हणजे सिस्टर आता खऱ्या रिटायर झाल्या."

हातावर ओरखड्यांची रांगोळी घेऊन मी पुन्हा दवाखान्यात गेले. जनावरांची डॉक्टर समीना मुजावर वयाने माझ्या लेकीएवढी. लहानपणी मीच तिला आईच्या मांडीवर दाबून धरून थेंब पाजले होते, आणि ती ते विसरलेली नव्हती.

"सिस्टर, एक नवी गोळी आली आहे," ती म्हणाली. "पण ती तुमच्या स्वभावाला जमेल का, सांगता येत नाही."

"माझ्या स्वभावाचं काय? खायची मांजरीला आहे."

ती हसली आणि तिने मला एक प्रश्न विचारला. गोठ्यातली गाय कधीकधी भिंत का चाटते?

हे मला ठाऊक होतं. अंगातलं मीठ कमी झालं की चाटते.

"पण मीठ कमी झालंय हे तिला कोण सांगतं?"

यावर मी कधी विचार केला नव्हता. समीनाने सांगितलं ते असं. मेंदूच्या तळाशी काही मोजक्या पेशी असतात. रक्तात काय कमी आहे, काय पुरेसं आहे, यावर त्यांची सतत नजर असते. मीठ कमी पडलं की त्या जिभेला निरोप धाडतात, आणि एरवी जे खारट ढोण वाटलं असतं ते अमृतासारखं लागायला लागतं. गरज भागली की तोच घास तोंडात धरवत नाही. मीठ तेच असतं, चव बदलते. माणसं, गाई, उंदीर, सगळ्यांच्या आत हा रखवालदार बसलेला आहे, आणि त्याला कुणी काही शिकवलेलं नाही.

"शास्त्रज्ञांनी इतकंच केलं," ती म्हणाली, "की या रखवालदाराला औषधाची ओळख करून दिली. गोळीच्या मुलाम्यात एक प्रथिन आहे. दोन आठवडे गोळी रोज पोटात गेली की त्याला हे औषध रक्तात ओळखू येतं. त्यानंतर औषध कमी पडलं की हीच गोळी ठमाला सुक्या बोंबलासारखी लागेल. पुरेसं असलं की कडुनिंबासारखी. तुम्ही फक्त वाटीत ठेवायची. कधी घ्यायची ते ती ठरवेल."

"आणि नाही घेतली तर?"

"तर तिला नको आहे." मग तिने पाकिटावरच्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं. *ओळख झाल्यावर जबरदस्ती करू नये.* "हे दोनदा वाचा, सिस्टर."

पहिले दोन आठवडे ती गोळी दवाखान्यातच नळीने द्यायची होती. पंधराव्या दिवशी सकाळी आठ वाजता मी वाटीत गोळी ठेवली आणि मनातून हसत लांब उभी राहिले. ठमा आली. तिने वास घेतला, मिशा पुढे केल्या आणि गोळी कुडुम करून चावून खाल्ली. वर वाटी चाटली. इतक्या वर्षांत औषधाची वाटी चाटणारा पेशंट मी पाहिला नव्हता.

महिनाभर असं चाललं. ठमाचं वजन वाढलं, छाती शांत झाली. मी कॉलनीभर सांगत सुटले. फक्त एका घरात सांगितलं नाही.

ते घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. त्यात माझी धाकटी जाऊ शैला राहते. भावाभावांचं बोलणं कुंपणावरून चालू होतं, आम्हा जावांचं नऊ वर्षं बंद होतं. आत्याबाई गेल्या तेव्हापासून. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात.

आत्याबाई शहाऐंशीच्या होत्या आणि माझ्याकडे असायच्या. रक्तदाब होता, पायांवर सूज होती. सूज उतरावी म्हणून लघवी वाढवणारी गोळी चालू होती. शेवटच्या अकरा दिवसांत त्यांनी तोंड मिटून घेतलं. पेज घ्यायच्या, पाणी घ्यायच्या, गोळीचा चमचा दिसला की ओठ घट्ट. मी माझ्या पद्धतीने द्यायची. एकदा शैलाने माझा हात धरला. "ताई, राहू द्या. त्यांना नको असेल." घरात पाहुणे होते. त्या सगळ्यांसमोर मी म्हटलं, "तुला त्यांना मारायचंय का?" शैलाने हात सोडला.

पुढे दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळा शिवेना. मी सगळी वचनं दिली. नातवाचं लग्न करू, देवाला जाऊ, मांजर सांभाळू. ठमा मूळची आत्याबाईंचीच, त्या तिला नुसतं "अगं" म्हणायच्या. दोन तास झाले तरी कावळे झाडावरच. मग शैला पुढे झाली, पदराआडून लिंबाच्या लोणच्याची फोड काढून तिने पानावर ठेवली आणि कावळा झपकन उतरला. लोकांनी हात जोडले. मला वाटलं, ही चारचौघांत मला खाली दाखवायला नाटकं करते आहे. कावळ्याला खारट आवडतं, त्यात कसला चमत्कार. त्या दिवसानंतर मी तिचं नाव घरात घेतलं नाही आणि कुणाला घेऊ दिलं नाही.

महिना संपला आणि ठमाने गोळीकडे पाठ फिरवली.

पहिल्या दिवशी मी वाटी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी ताजी गोळी ठेवली. तिने वास घेतला, नाक आखडलं आणि पंजाने वाटीवर माती ढकलल्यासारखं केलं. तिसरा दिवसही तसाच गेला. लाल अक्षरं मी वाचली होती. पण दिवसाला एक म्हणजे दिवसाला एक. डोस चुकला की आजार डोकं वर काढतो हे मी हजारो बायकांना सांगितलेलं, आणि आता एका मांजरीच्या लहरीवर तो सोडायचा? नवं यंत्र नव्याचे नऊ दिवस चालतं, मग बंद पडतं. चौथ्या दिवशी मी तिला टॉवेलात गुंडाळलं.

या वेळी ती थुंकू शकली नाही. मी गळा चोळत राहिले. पाचव्या दिवशीही तेच, सहाव्या दिवशीही. मला वाटलं, जमलं. सातव्या दिवशी ती न्हाणीघरात ओल्या फरशीवर पडलेली सापडली. रात्रभर ओकली होती. मी हाक मारली तेव्हा तिने फक्त कान हलवला.

दवाखान्यात समीनाने तिच्या कानाला एक बारीकसा चिमटा लावला. रक्त न काढता रक्तातलं औषध मोजणारा. पडद्यावरचा आकडा बघून ती माझ्याकडे वळली.

"सिस्टर, रोज किती गोळ्या दिल्यात?"

"एक. देवाशपथ एकच."

"हा आकडा एकाहून जास्तीचा आहे."

ती पुढे काय विचारणार ते मला कळलं होतं.

"तिने घ्यायला नकार दिला होता का?"

"तीन दिवस."

"म्हणजे तिने तुम्हाला सांगितलं होतं," समीना म्हणाली. थेंब पाजताना आक्रोश करणारी ती पोर आता माझ्याशी हळू आवाजात बोलत होती. "तिला कुठून तरी दुसरी गोळी मिळत होती. ती मिळाली की तुमची नको व्हायची. ती बरोबर होती, सिस्टर."

माझ्याबरोबर आलेले आमचे हे मागे खाकरले. या माणसाने चाळीस वर्षांत मला उलट उत्तर दिलं नाही, पण खाकरण्यात सगळं सांगतो.

"ती रोज सकाळी शैलाकडे जाते," ते म्हणाले. "मला वाटलं, दूध प्यायला जात असेल."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाचं नाव घेऊन सांगायचं?"

ठमाला सलाईनवर ठेवून मी घरी आले ती माझ्या फाटकातून न जाता पुढच्या फाटकावर थांबले. कडी वाजवली. शैला बाहेर आली. केस पांढरे झाले होते तिचे. भिंतीला भिंत असून मला ते दिसले नव्हते.

"मांजर तुझ्याकडे येते का?" मी विचारलं. नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य ते.

"चंदा? येते की. तीन दिवस झाले, नीट खात नाही. काय झालं तिला?"

चंदा. माझ्या ठमाला दुसरं नाव होतं, दुसरी ताटली होती आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसरे डॉक्टरही होते. बारीक झाली म्हणून शैलाने तिला तिकडे नेलं होतं. चंदा शेडगे, वय चौदा. त्यांनी तीच नवी गोळी लिहून दिली होती, ती मागवून हाती यायला महिना गेला. ओळख तर माझ्याकडच्या गोळ्यांनी आधीच झाली होती, त्यामुळे नळीची गरजच पडली नाही, पहिल्या दिवसापासून तिने ती आवडीने खाल्ली. शैला सकाळी सहाला वाटी ठेवायची, मी आठला. सहाची खाऊन आलेली मांजर आठची कशी खाणार?

"ज्या दिवशी नको असेल त्या दिवशी ती नाही खात," शैला म्हणाली. "मी उचलून ठेवते."

"आणि तुला भीती नाही वाटत? डोस चुकला तर?"

"वाटते ना. पण तोंड तिचं आहे."

मग मी तिला सांगितलं, मी काय केलं ते. तीन दिवसांची जबरदस्ती, टॉवेल, गळा चोळणं. ती चपला घालून माझ्याबरोबर दवाखान्यात आली.

समीनाने आम्हा दोघींना समोर बसवलं. ठमा तगेल, असं ती म्हणाली. पुढचं अवघड होतं. चार दिवस एकही गोळी नाही, म्हणजे रक्तातलं औषध ओसरेल. मग एकाच जागी, एकाच वाटीत, दोघींच्या समोर एक गोळी ठेवायची. गरज पडली की तिची जीभ फिरेल आणि ती आपणहून खाईल.

"आणि नाही खाल्ली?" मीच विचारलं.

"जबरदस्तीने घशात गेलेल्या चवीचा धसका बसतो. तो बसला असेल तर रखवालदार सांगेल एक आणि जीभ ऐकणार नाही. मग उरते शस्त्रक्रिया. या वयात या हृदयावर मी ती करणार नाही. तुमच्यासाठी सोपं नाही हे, सिस्टर. तुम्हाला काहीही करायचं नाही."

पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही शैलाच्या ओसरीत बसलो. मधे वाटी, वाटीत गोळी. ठमा पायरीवर उन्हात पडलेली, कानाला तो चिमटा. त्याचा आकडा माझ्या फोनवर दिसत होता. औषध कमी पडलं हे दाखवणाऱ्या खालच्या रेषेपर्यंत तो अजून आला नव्हता.

आठला ठमा उठली, वाटीपर्यंत आली, नाक आखडून परत गेली. माझा उजवा हात उठला. मी तो मांडीखाली दाबला.

"अशी वाट आपण एकदाच बघितली होती," शैला म्हणाली. "घाटावर."

"त्या दिवशी लोणच्याची फोड का आणली होतीस?"

हा प्रश्न मी नऊ वर्षांत स्वतःलाही विचारला नव्हता. शैला वाटीकडे बघत होती.

"आत्याबाई मागायच्या. शेवटी शेवटी एकच धोशा होता, शैला, मीठ दे. तुम्ही दुपारी झोपलात की मी पदराखालून फोड न्यायची. चाटून चाटून सालपट उरायचं. एकदा तर मिठाचा खडाच तोंडात धरून बसल्या, लहान मुलीसारख्या. म्हणाल्या, गोड लागतंय गं."

मी फोन खाली ठेवला.

मी नर्स आहे. लघवी वाढवणारी गोळी पाण्याबरोबर अंगातलं मीठही बाहेर काढते हे मला पाठ होतं. डॉक्टरांनी मीठ कमी करा सांगितलं होतं, मी बंद केलं होतं. कमी म्हणजे बंद, माझ्या हाताला मधलं काही येत नाही. महिन्याने रक्त तपासा असंही ते म्हणाले होते, आणि म्हातारीला कशाला टोचायचं म्हणून मी ते टाळलं होतं. मीठ उतरलं की माणूस गळून जातं, भ्रमल्यासारखं करतं. आत्याबाई तशाच झाल्या होत्या. मी म्हटलं होतं, वय झालं. आणि त्या अकरा दिवस, गोळीला तोंड मिटून आणि मिठाला तोंड उघडून, एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगत होत्या. शाळेत न गेलेल्या त्या बाईच्या आतला रखवालदार शुद्धीवर होता. माझं सदतीस वर्षांचं शिक्षण त्यांचं नाक दाबून बसलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं.

"सांगायला आले होते, ताई." शैला शांतपणे म्हणाली. "तुम्ही माझंही तोंड बंद केलंत."

आत्याबाई शहाऐंशीच्या होत्या, कदाचित तशाही गेल्या असत्या. हे मी मनात म्हणून पाहिलं, आणि ते खरं असूनही मला पुरलं नाही. मी रडले. नोकरीत कुणापुढे रडले नव्हते. शैलाने पाठीवर हात ठेवला नाही, उठूनही गेली नाही. ती माझ्याशेजारी बसून राहिली.

साडेनऊ वाजले, दहा वाजले. ठमा दोनदा आली आणि परत गेली. आकडा रेषेच्या जवळ येऊन थबकला होता. धसका बसला, माझ्या मनाने घेतलं. एका म्हातारीनंतर आता तिची मांजर. हात मांडीखाली बधिर झाला होता.

दहा वाजून वीस मिनिटांनी ठमाने डोळे उघडले. कुणी हाक मारावी तसं मान उचलून तिने इकडेतिकडे पाहिलं. कुणी हाक मारली नव्हती. ती उठली, अंग ताणलं, आणि तीच वाटी, तीच गोळी, पण आता तिच्या मिशा पुढे झाल्या. एक पाऊल टाकून ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या उजव्या हाताकडे. तो मांडीखाली होता. ती खाली वाकली आणि कुडुम आवाज झाला.

मी फोनकडे पाहिलं. आकडा अजून रेषेच्या वरच होता. ठमा वाटी चाटत असताना तो रेषेखाली उतरला. यंत्राला कळायच्या आधी तिला कळलं होतं. केसाळ, बोटभर मेंदूच्या त्या जनावराच्या आत कुणीतरी जागं होतं, आणि ते माझ्या आत होतं, शैलाच्या आत होतं, अकरा दिवस आत्याबाईंच्या आतही होतं. देवळात मी कधी अशी गप्प झाले नव्हते.

शैला उठली. "जेवून जा, ताई," एवढंच म्हणाली. पानात डाव्या बाजूला तिने लिंबाच्या लोणच्याची फोड वाढली. मी ती आधी खाल्ली.

आता गोळीची वाटी शैलाच्या ओसरीत असते. एकच वाटी. सकाळी ठमा माझ्या पायात घोटाळते, मग भिंतीवर उडी मारते आणि जरा थांबून मागे बघते. मी तिला बोलवत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फक्त आवाज देते.

"शैला, तुझी चंदा आली बघ."